कासवांचा कुलवृत्तांत

आडिवकरअण्णा कुठल्याही नव्या माणसाला आधी त्याच्या आईचं माहेरचं नाव विचारत. नमस्कार नाही, ‘कुठले तुम्ही’ नाही. थेट ‘आईचं माहेरचं नाव?’ आणि पाठोपाठ सदऱ्याच्या खिशातून छोटी वही.

मला त्यांनी हे विचारलं तेव्हा मी गादीचं एक टोक धरून उभी होते. सदाशिव पेठेतल्या त्या तीन मजली इमारतीत आम्ही भाड्याने राहायला येत होतो. टेम्पो खाली उभा होता, गादीचं दुसरं टोक धरून नवरा मागून ‘चल ना’ म्हणत होता, आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर एक उंच, वाळकुडे, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ वाट अडवून उभे होते.

“वैद्य,” मी धापा टाकत म्हटलं.

“नाव?”

“अनघा.”

“तुमचं कशाला? आईचं.”

“सुमन.”

“सुमनच्या आईचं?”

“इंदिरा. माहेरची पानसे.”

“इंदिरेच्या आईचं?”

इथे मी अडले. आजीला आई असणार हे उघड होतं, पण तिला नाव असेल असा विचार मी कधी केला नव्हता. अण्णांनी वहीत एक प्रश्नचिन्ह काढलं. “सगळे इथेच अडतात,” ते म्हणाले. “बापाकडचे सात पुरुष विचारा, घडाघडा म्हणून दाखवतील.” मग एक पायरी बाजूला होऊन त्यांनी आम्हाला वाट दिली. शेजाऱ्यांशी आमची ओळख झाली ती अशी.

आज मी खराडीला सोळाव्या मजल्यावर राहते. लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या माणसांची आडनावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. माझ्या आईचं माहेरचं नाव आता फक्त बँक विचारते, तेही फोनवर, मी मीच आहे ना याची खात्री करायला. दर वेळी मला अण्णा आठवतात. पुढे मला कळलं, की सगळ्या पुण्याला आईचं नाव विचारत फिरणाऱ्या या माणसाला उत्तर हवं होतं फक्त एका बाईकडून, आणि तिला विचारायची त्यांची हिंमत नव्हती.

बँकेचाच अण्णांचा एक किस्सा. केवायसीसाठी बँकेतली एक मुलगी त्यांच्या घरी आली होती. तिने फॉर्म काढून विचारलं, “सर, मदर्स मेडन नेम?”

“आधी तुमच्या आईचं.”

“सर, ते मी तुम्हाला विचारायचंय.”

“घर माझं आहे. आधी तुमच्या.”

मुलगी बिचारी अर्ध्या तासाने बाहेर पडली ती तीन पिढ्या सांगून आणि चौथीसाठी लातूरला मावशीला फोन लावून. चौथ्याच दिवशी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘तळमजल्यावरील एक ज्येष्ठ नागरिक रहिवाशांची वैयक्तिक माहिती गोळा करत आहेत. कृपया सावध राहावे.’ अण्णांनी ग्रुपवर आयुष्यात एकदाच उत्तर दिलं, ते हे: ‘नावानिशी लिहावे. आपल्या आईची नोंद अद्याप बाकी आहे.’

नोंद हा त्यांचा जिवाचा शब्द. दूधवाला म्हणाला, परवा एक पिशवी जास्त दिली होती, की अण्णा विचारणार, “नोंद आहे का?” टीव्हीवर कुणी म्हणालं, यंदासारखा उन्हाळा कधी पडला नव्हता, तर अण्णा टीव्हीला विचारणार, “नोंद आहे का?” नोंद नसेल ती गोष्ट घडलीच नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

याला कारण होतं. अण्णा एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, पण त्यांची खरी कीर्ती होती ती आडिवकर कुलवृत्तांताचे संपादक म्हणून. ज्यांच्या घरात हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगते, कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सगळ्या घराण्यांची छापील वंशावळ. मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, त्यांना मुलगे किती, कोण कुठे शिकला, कोण कुठे चिकटला. जगभरच्या आडिवकरांना फॉर्म पाठवायचे, भरून आलेले तपासायचे, आणि त्यातून विटेएवढं जाड पुस्तक करायचं. अण्णांनी हे काम आठ वर्षं केलं. नियमावली त्यांची, अक्षर त्यांचं, आणि हातात लाल पेन्सिल. फॉर्ममध्ये एक रकाना जरी रिकामा राहिला तरी कोपऱ्यात दोन शब्द पडत, ‘अपूर्ण. परत.’ दिल्लीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका आडिवकरांचा फॉर्म परत गेला, कारण शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी ‘भरपूर’ असं लिहिलं होतं. सख्ख्या काकांचा परत गेला, कारण त्यांनी जन्मतारखेत ‘प्लेगच्या वर्षी’ लिहिलं होतं. काका मरेपर्यंत अण्णांशी बोलले नाहीत म्हणे. अण्णांना त्याचं काही नव्हतं. “तारीख पाठवली असती तर बोललो असतो,” ते म्हणत.

काकू, म्हणजे अण्णांची बायको, आम्ही राहायला येण्याच्या आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत अण्णा, परत केलेल्या फॉर्मांच्या फायली आणि न खपलेल्या कुलवृत्तांताचे गठ्ठे एवढाच संसार. दाराला दिवसभर आतून कडी. वर्षातून एकच दिवस ते दार सताड उघडं असायचं, तो भाऊबीजेचा. मी समजत होते, फराळाचा वास बाहेर जावा म्हणून.

निवृत्तीनंतर अण्णांना कासवं भेटली.

मेघना नावाची त्यांच्या कॉलेजची जुनी विद्यार्थिनी आता मोठी संशोधक झाली होती. पुण्यात लोक हौसेने रुपयाएवढं कासव आणून काचेच्या पेटीत ठेवतात, डोळ्याशेजारी लाल पट्टी असलेली परदेशी जात, आणि ते ताटाएवढं झालं की कंटाळून नदीत नाहीतर तळ्यात सोडून येतात. अशी सापडलेली कासवं गावाबाहेरच्या एका केंद्रात सिमेंटच्या टाक्यांत ठेवली होती. त्यांच्या पिल्लांचे आईबाप कोण, हे रक्ताच्या थेंबावरून शोधायचा मेघनाचा प्रकल्प होता. वंशावळी ठेवायला चोख माणूस हवा होता. तिला अण्णा आठवले. अण्णा सत्तरीला टेकले होते, पण कामाचं ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डबा घेऊन पीएमटीच्या स्टॉपवर उभे.

पहिल्याच महिन्यात त्यांनी कासवांचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. मराठीत, पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये, अगदी आडिवकरांच्या नमुन्यावर. ‘मादी क्रमांक चार. मूळ गाव: अज्ञात. सध्या वास्तव्य: टाकी दोन. स्वभाव: तापट.’ मेघनाचा सगळा मजकूर कॉम्प्युटरवर असायचा, पण काही अडलं की ती आधी अण्णांचं रजिस्टर उघडायची, असं अण्णाच सांगायचे.

कासवाचं अंडं घातल्यावर फिरवायचं नसतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. आतला गर्भ वरच्या बाजूला चिकटतो, अंडं उलटलं तर तो मरतो. म्हणून उचलण्याआधी अंड्याच्या डोक्यावर पेन्सिलीने ठिपका काढायचा आणि ठिपका वर ठेवूनच न्यायचं. अण्णांनी वाळू भरलेला एक झाकणाचा डबा खास त्यासाठी केला होता. हळूहळू घरातल्या सगळ्याच वस्तूंच्या डोक्यावर ठिपके आले. आंब्यांच्या, नारळांच्या, आमच्या सासूबाईंनी पाठवलेल्या चिवड्याच्या डब्याच्या. “फिरवू नका हो,” असं ते भाजीवाल्यालासुद्धा म्हणत, आणि तो हातातला भोपळा घाबरून तसाच धरून ठेवी.

अंडी गारव्यात उबवली तर नर निघतात आणि जास्त उबेत माद्या, हेही त्यांनीच इमारतीत जाहीर केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या देवकुळेबाई हसत म्हणाल्या, “मग आमच्या सुनेच्या खोलीत एसी लावून बघू का अण्णा?”

“लावा की,” अण्णा म्हणाले. “सून तरी सुखात झोपेल.”

पण कळस झाला तो आमच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. घरात पंचवीस बायका, आंब्याची डाळ, पन्हं, सासूबाई नव्या पैठणीत. अण्णा फक्त पातेलं परत करायला दाराशी आले होते. कुणीतरी बोलायचं म्हणून विचारलं, काय म्हणतात कासवं? अण्णा उंबऱ्यातच उभे राहिले आणि त्यांनी समोरच्या बायकांच्या हातांकडे बोट केलं.

“समजा प्रत्येक पिल्लाच्या हातात दोन बांगड्या. एक आईने दिलेली, एक बापाने. आईजवळ दोनच रंग, हिरवा आणि लाल. तेव्हा पिल्लाच्या हातातली हिरवी किंवा लाल बाजूला काढा. राहिली ती बापाची. बापाजवळही दोनच रंग असतात. आता एका मादीची सगळी पिल्लं रांगेत उभी करा आणि बापाकडच्या बांगड्या मोजा. निळी, पिवळी, इथवर ठीक, एक बाप. जांभळी निघाली?”

एकीने नकळत हात पदराआड घेतले.

“दुसरा बाप,” अण्णा म्हणाले. “गेल्या वर्षी आमच्या चार नंबरच्या पिल्लांत बापाकडचे पाच रंग निघाले. म्हणजे एका घरट्याला कमीत कमी तीन बाप! आणि चार नंबर तर किती साधी वाटते बघायला.”

पंचवीस बायका आपापल्या बांगड्यांकडे बघत राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, “अण्णा, पन्हं घ्या.” पुढचे दोन महिने आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई हळूच विचारायची, चार नंबर कशी आहे?

तीन बापांनी अण्णांच्या रजिस्टरची मात्र वाट लावली होती. आडिवकरांच्या नमुन्यात बाप वर आणि मुलं खाली. इथे एकाच घरट्यातली भावंडं तीन पानांवर विखुरली. अण्णांनी आठ दिवस खाडाखोड केली, शेवटी नवं रजिस्टर आणलं आणि आईला वर घेतलं. “आई एकच असते, तिची खात्री असते,” ते मला म्हणाले. “इतकी वर्षं उलटं धरलं होतं मी.” आईचं माहेर विचारण्याची सवय त्यांना लागली होती ती तेव्हापासून. म्हणजे मी गादी घेऊन आले त्याच्या जरा आधीपासून. हळदीकुंकवापर्यंत ती हाताबाहेर गेली.

मी घरी बसून मराठी टायपिंगची कामं घेत असे. त्यामुळे अण्णा संध्याकाळी वर येत, माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसत आणि त्या दिवशीची कासवं सांगत. एकदा आले ते उभेच राहिले.

“सहा नंबर तीन वर्षं एकटी आहे,” ते म्हणाले. “वेगळ्या टाकीत. नराची सावली नाही. तिच्या अंड्यांतून पिल्लं निघाली.”

“असं कसं होईल?”

“होतं. मादी नराचं बीज आत जपून ठेवते. वर्षानुवर्षं. बांगड्या जुळवल्या. बाप निघाला अकरा नंबर. अकरा नंबरला जाऊन तीन वर्षं झाली हो. मीच पुरला त्याला.”

त्या रात्रीच्या नोंदीत त्यांनी लिहिलं होतं, ‘पिता: कै. अकरा.’ मी हसले. अण्णा हसले नाहीत.

आणि मग नऊ नंबरचं प्रकरण झालं. ही मादी नदीतून पकडून आणलेली. आल्यावर काही महिन्यांनी तिने अंडी घातली, पाच पिल्लं निघाली. मेघनाने रक्त तपासलं. बाप टाक्यांतला कुठलाच नाही. नदीतला कुणीतरी, कधीतरीचा. बाकी सगळे रकाने भरलेले आणि पित्याचा रिकामा. अण्णा सबंध दिवस ते पान उघडून बसले. संध्याकाळी मेघना बॅग खांद्याला लावून निघाली तेव्हा तिने डोकावून बघितलं आणि म्हणाली, “अज्ञात लिहा ना अण्णा. काय बिघडतं? पिल्लू तर आहे ना!”

पिल्लू तर आहे ना. हे तिने सहज म्हटलं, आणि बस पकडायला गेली.

अण्णा दोन दिवस कामावर गेले नाहीत. दूधवाल्याने पिशव्यांचा गोंधळ केला तरी नोंद विचारली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते वर आले, हातात एक पिवळी पडलेली फाईल. स्टुलावर बसले आणि फाईल माझ्या कीबोर्डवर ठेवली.

“अनघाताई, कुलवृत्तांताची पुरवणी काढायची आहे. टाइप कराल?”

फाईलमध्ये परत केलेल्या फॉर्मांच्या प्रती होत्या. सगळ्यांत वरच्या फॉर्मवर स्वच्छ, गोल, बायकी अक्षर होतं. शालिनी दामोदर आडिवकर. नर्स, पुणे. अविवाहित. मुलगा: निखिल, वय सहा. पित्याचे नाव, आणि पुढे रिकामं. कोपऱ्यात लाल पेन्सिल: अपूर्ण. परत.

“शालू,” अण्णा म्हणाले. “माझी धाकटी बहीण.”

मी फॉर्म पुन्हा वाचला.

“नियम चार. पित्याचे नाव नसल्यास अपत्याची नोंद ग्राह्य धरली जाणार नाही. मीच केलेला नियम. तिला वाटलं असेल, भाऊच संपादक आहे, तो करेल काहीतरी. तिने माझ्या हातात नाही दिला, पोस्टाने पाठवला, सगळ्यांसारखा. मीही पोस्टाने परत केला, सगळ्यांसारखा. फार ताठा होता मला त्याचा. बहिणीलासुद्धा सवलत नाही म्हणून चार लोकांत सांगितलं मी.” त्यांनी गठ्ठ्यातला एक कुलवृत्तांत सोबत आणला होता, तो उघडला. “हे बघा. छापलंय. ‘शालिनी, अविवाहित, नर्स, पुणे.’ पूर्णविराम. त्या पूर्णविरामाखाली सहा वर्षांचं पोर पुरलं मी.”

“त्या कुठे असतात आता?”

“बिबवेवाडीला.”

मला वाटलं होतं, अमेरिका नाहीतर निदान नागपूर सांगतील. सदाशिव पेठेतून बिबवेवाडी रिक्षाने अर्धा तास. बावीस वर्षं बहीणभाऊ अर्ध्या तासाच्या अंतरावर राहिले होते आणि भेटले नव्हते. भाऊबीजेला उघडं असलेलं दार आत्ता माझ्या डोळ्यांसमोर आलं. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं. दोन्ही एकदम.

“तो रकाना का रिकामा होता, ते मी आजवर विचारलं नाही,” अण्णा म्हणाले. “आता विचारणारही नाही. पण निखिलची नोंद झाली पाहिजे. तिने फॉर्म भरून पाठवला, तरच. मी परस्पर लिहिणं बरोबर नाही. तो हक्क तिचा.”

तर एवढंच हवं होतं त्यांना. एक फॉर्म परत यायला हवा होता.

आम्ही नवा नमुना केला. पहिला रकाना आई, दुसरा आईची आई, मग स्वतः, मग मुलं. पित्याच्या रकान्यापुढे मी कंस घालून सुचवलं, ‘लिहावेसे वाटल्यास’. अण्णांनी ते शब्द दोनदा वाचले आणि म्हणाले, “राहू द्या.” मग सोबतचं पत्र. त्याचे अकरा खर्डे मी टाइप केले. पहिला अडीच पानांचा होता, त्यात आईवडिलांच्या आठवणी होत्या, कासवांचं शास्त्र होतं, नऊ नंबर होती, क्षमा हा शब्द सात वेळा होता. प्रत्येक खर्ड्यात अण्णा लाल पेन्सिलीने स्वतःलाच कापत गेले. शेवटी उरलं ते असं: ‘शालू, नवा फॉर्म पाठवत आहे. नियम चार रद्द केला आहे. दत्तू.’

“अहो, हातात नेऊन द्या ना,” मी म्हटलं. “मी स्कूटरवर सोडते.”

“परत पोस्टाने केला होता. आणि दारात उभं राहून मागितलं तर ती नाही म्हणू शकणार नाही. तिला नाही म्हणता आलं पाहिजे.”

मी पाकिटावर तिकीट लावलं.

मग पुरवणीचे बाकीचे फॉर्म येऊ लागले. आडिवकरांच्या सासुरवाशिणी, माहेरवाशिणी, त्यांच्या आया, आज्या. लोकांनी जुन्या ट्रंका उघडल्या, म्हाताऱ्या मावश्यांना फोन केले. मीसुद्धा आईच्या मागे लागून साताऱ्याच्या एका नव्वदीच्या मावशीआजीकडून शोधून काढलं, माझ्या आजीच्या आईचं नाव द्वारका. माहेरची खरे. अण्णांनी वहीतलं प्रश्नचिन्ह खोडून तिथे ‘द्वारका’ लिहिलं, तेव्हा मला उगीचच भरून आलं. त्या बाईचं नाव कुणी किती वर्षांत घेतलं नसेल.

पण बिबवेवाडीचं पाकीट येईना. पोस्टमन दुपारी बाराच्या सुमाराला यायचा. अण्णा साडेअकरापासून पत्रपेट्यांपाशी उभे. पिझ्झाच्या जाहिराती, विजेची बिलं, क्लासची पत्रकं, सगळं ते उलटसुलट करून बघत. मी वरून विचारी, “आलं का?” ते मान हलवत आणि म्हणत, “वेळ लागतो. बारीक अक्षर आहे तिचं.” गणपती झाले, दसरा झाला. त्यांनी कासवांकडे अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला सुरुवात केली. पुरवणीची सगळी पानं तयार होती, फक्त एक पान कोरं होतं, आणि छापखान्याचा फोन आला की अण्णा मला सांगायला लावत, थोडं थांबा.

एका मंगळवारी ते वर आले तेव्हा जिना चढताना दोनदा थांबल्याचं मला ऐकू आलं. हातात पाकीट होतं, न फोडलेलं. “तुम्ही बघा,” म्हणाले. “माझा चष्मा खाली राहिला.” चष्मा नाकावरच होता.

मी पाकीट फोडलं. आमचाच फॉर्म, भरलेला. तेच गोल अक्षर, जरा थरथरतं. आई: लक्ष्मी. आईची आईही भरलेली. स्वतः: शालिनी. मुलगा: निखिल, इंजिनिअर. पित्याच्या रकान्यात पट्टीने ओढलेली एक सरळ रेघ. आणि वरच्या कोपऱ्यात, लाल पेन्सिलीने, ठसठशीत: अपूर्ण. परत.

इतकी वर्षं जपून ठेवून तिने ते दोन शब्द त्यांचे त्यांना परत केले होते. ते म्हाताऱ्या माणसाला कसं दाखवायचं मला कळेना. पण अण्णांनी हात पुढे केला होता.

त्यांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला. कोपरा वाचला. मग बोटाने एकेक रकाना तपासत खाली आले, जसे ते सगळेच फॉर्म तपासत. मुलाच्या रकान्याखाली आमचा छापील नमुना संपत होता. त्याखाली तिने पट्टी धरून, हाताने, आणखी एक रकाना आखला होता. मी तो बघितलाच नव्हता. त्यात लिहिलं होतं, ‘निखिलचा मामा:’, आणि पुढे रिकामं.

अण्णा स्टुलावर बसले.

“बरोबर आहे तिचं,” ते म्हणाले. “हा रकाना भरलेला नाही.” त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला, परत काढला. मी पाणी आणलं ते तसंच राहिलं.

खिशातून त्यांनी स्वतःचं पेन काढलं. ज्या अक्षराने दोन हजार आडिवकर लिहिले, त्या अक्षराने ‘दत्तात्रय दामोदर आडिवकर’ लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली, आणि ‘दामोदर’वर एक थेंब पडून शाई पसरली.

“मी नवा फॉर्म काढून देते,” मी म्हटलं.

“नको. डाग पडू दे. नोंद तर आहे ना.”

“उद्या रजिस्टर पोस्टाने पाठवू या का?”

“पोस्टाने कशाला? आता तिने विचारलंय.” ते उठले. “हातात देतो.”

“भाऊबीज आलीच आहे की आठ दिवसांवर. त्या दिवशी—”

“बावीस वर्षं तेच करतोय,” अण्णा म्हणाले आणि जिना उतरले.

दहा मिनिटांनी मी गॅलरीत आले. अण्णा धुतलेल्या सदऱ्यात, भांग पाडून, फाटकाशी उभे होते. हातात अंडी न्यायचा तो झाकणाचा डबा. वाळू काढून त्यात फॉर्म ठेवला होता, घडी न घालता. झाकणावर पेन्सिलीचा ठिपका असणारच. रिक्षा थांबली. इमारतीसमोर थांबलेला एकही रिक्षावाला आईचं माहेर सांगितल्याशिवाय आजवर हलला नव्हता, म्हणून मी कान देऊन उभी राहिले.

अण्णांनी त्याला काही विचारलं नाही. ते आत बसले, डबा दोन्ही हातांनी मांडीवर सपाट धरला आणि म्हणाले, “बिबवेवाडी. जरा खड्डे सांभाळून घ्या.”